जपानमध्ये ओमाकासे सुशी खायला जाताय? बुकिंगपासून शेवटच्या चहापर्यंत सगळं

तोक्योत येऊन मला नऊ वर्षं झाली, निशी-कासाईत राहते, जिथे स्टेशनबाहेर कुणीतरी मराठीत बोलताना हमखास ऐकू येतं. दरवर्षी साकुराच्या म्हणजे चेरीच्या बहराच्या वेळी नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत गावाकडून, पुण्या-मुंबईहून कुणीतरी येतंच आणि विचारतं की ते काउंटरवर बसून शेफ एकेक तुकडा समोर ठेवतो ना, ती सुशी एकदा खायचीय, कुठे जायचं, किती पैसे लागतात आणि तिथे वागायचं कसं. प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते.

ओमाकासे म्हणजे "तुमच्यावर सोपवलं". मेन्यू नसतो, त्या दिवशी बाजारात जे चांगलं मिळालं त्यातून शेफ ठरवतो काय, कुठल्या क्रमाने आणि केव्हा. पण हे सोपवणं खुर्चीवर बसल्यावर सुरू होतं बरं का, त्याआधीचं सगळं आपल्यालाच करावं लागतं आणि ते नीट केलं तरच ते दोन तास निवांत जातात. आणि अजून एक, जे कळायला मला स्वतःला तीन-चार वेळा जावं लागलं: सगळे माशाबद्दल बोलतात, पण तुम्ही लक्ष भाताकडे ठेवा. आपण भात खाणारी माणसं, आपल्याला ते लगेच कळतं. माझ्या बाबांना पहिल्या घासाला कळलं, ते पुढे सांगते.

आधी दुकान कुठल्या पायरीचं ते ठरवा

तोक्योतल्या गिंझा या महागड्या भागातल्या नावाजलेल्या काउंटरवर रात्रीचं जेवण माणशी तीस हजार येनच्या पुढेच जातं, पन्नास हजारही होतात. शंभर येनला साधारण ५५-६० रुपये धरा, म्हणजे तीस हजार येन म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये झाले, पिण्याचे वेगळे. याच्या खालच्या पायरीला पंधरा ते पंचवीस हजार येनमध्ये फार चांगली दुकानं आहेत, आणि मी पहिल्यांदा जाणाऱ्याला हीच सुचवते. त्याहून सोपा रस्ता म्हणजे दुपारचं जेवण. बऱ्याच चांगल्या दुकानांत दुपारी तोच शेफ, तोच भात, फक्त सोबतचे पदार्थ कमी आणि निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर ठेवलेला मासा, दहा-बारा, आणि किंमत निम्मी किंवा त्याहूनही कमी. तुम्हाला दारूत रस नसेल तर दुपारचं खरंच विचार करण्यासारखं आहे.

मिशलिन गाइडचे तारे बघूनच दुकान निवडायचं असं काही नाही. सुकियाबाशी जिरो या सुशीच्या दुकानाचंच बघा, शेफ जिरो ओनो यांचा जन्म १९२५ चा, २०१४ च्या एप्रिलमध्ये ओबामा आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे तिथे जेवले तेव्हा जगभर फोटो गेले, पण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मिशलिनने गिंझाचं ते मूळ दुकान यादीतूनच काढलं. जेवण बिघडलं म्हणून नाही, तर तिथे सामान्य माणसाला बुकिंगच करता येत नाही म्हणून. अशी दुकानं तोक्योत बरीच आहेत, ओळखीशिवाय नवीन माणूस घेत नाहीत. त्यात अपमान वाटून घेऊ नका आणि त्यांच्या मागे लागून सुट्टीचे दिवसही घालवू नका. जपानी लोक स्वतः ताबेलोग ही दुकानांना मार्क देणारी साइट बघतात, तिथे ३.५ च्या वर गेलं की चांगलं समजायचं, ४ च्या वर फार थोडी दुकानं असतात. ४.८ वगैरे आकडे शोधत बसू नका, इथले लोक मार्क देताना हात राखून देतात.

आणि तोक्योच पाहिजे असंही नाही. कानाझावा, तोयामा, फुकुओका, सापोरो इथे समुद्र जवळ, भाडी कमी, त्याच पैशात जास्त मिळतं. तोयामाला वसंतात गेलात तर होतारुइका म्हणजे अंधारात चमकणारी छोटी माकुलं मिळतात, तोक्योपेक्षा कितीतरी ताजी.

तारीख ठरवताना

विमानाचं तिकीट काढायच्या आधीच कॅलेंडर बघा, इकडचं आणि आपलं, दोन्ही. तोक्योचा मासळीबाजार आता तोयोसूला आहे, जुन्या त्सुकिजीतून तो ऑक्टोबर २०१८ मध्ये तिकडे हलला. तो रविवारी बंद असतो आणि बरेचदा बुधवारीही, त्यामुळे बरीच सुशीची दुकानंही त्याच दिवशी बंद. ऑगस्टच्या मध्याला ओबोन, म्हणजे इथला पितरांचा सण, आणि नवीन वर्षाचे पहिले चार-पाच दिवस तर सोडूनच द्या.

आणि आपल्या बाजूने वार बघा! हे मी हसण्यावारी सांगत नाहीये. माझ्या मावशीचं आणि काकांचं महिनाभर आधी मोठ्या कष्टाने मिळवलेलं बुकिंग नेमकं संकष्टीला आलं आणि मावशीने तर सरळ सांगितलं की मी येणार नाही. दोन दिवसांवर आलेलं बुकिंग, पैसे पूर्ण भरावे लागले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, घरात कोण काय पाळतं ते आधी विचारून घ्या. श्रावणाचं तर फारच वाईट वाटतं, कारण शिंको नावाचं कोहादा मासळीचं जे बोटाएवढं इवलंसं पिल्लू वर्षातून थोडेच आठवडे मिळतं आणि ज्याची इथले लोक आतुरतेने वाट बघतात ते नेमकं जुलै-ऑगस्टमध्येच येतं.

ऋतूप्रमाणे काय मिळेल याचा थोडा अंदाज असला की मजा वाढते. हिवाळ्यात हिरामे म्हणजे आपल्या लेपीच्या जातीचा चपटा मासा, चरबीदार बुरी मासा, कॉडच्या नराचं शिराको म्हणजे वीर्याची मऊ पांढरी पिशवी, आंको माशाचं लिव्हर. वसंतात शिंपल्या आणि पहिला कात्सुओ, ट्यूनाच्या नात्यातला मासा. उन्हाळ्यात आजी आणि शिमाआजी नावाचे मासे, आणि उनी, म्हणजे सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचा मऊ गर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताजी इकुरा, म्हणजे सॅमनची गाबोळी, आणि परतीच्या वाटेवरचा जाडजूड कात्सुओ. मला विचाराल तर थंडी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चरबी धरलेला मासा आणि कोमट भात हे जे जमतं ना, ते दुसऱ्या कुठल्याच महिन्यात तसं जमत नाही.

बुकिंग

यात लोकांचे सगळ्यात जास्त हाल होतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. काउंटरला खुर्च्या आठ-दहा, शेफ एक, रात्रीच्या एक नाहीतर दोनच पंगती. त्यामुळे नुसतं दारात जाऊन उभं राहून काही होत नाही.

एक रस्ता म्हणजे वेबसाइट. टेबलचेक, ओमाकासे, टेबलऑल या नावांच्या साइटवर इंग्रजीत बुकिंग होतं. काही साइट जेवणाच्या पैशांवर थोडी फी लावतात, काही जेवणाचे सगळे पैसे आधीच घेतात. बरीच दुकानं महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक वेळी पुढच्या महिन्याच्या नाहीतर त्याच्याही पुढच्या महिन्याच्या जागा उघडतात. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे इथे सकाळी दहाला उघडणार असेल तर तुम्ही तिकडे साडेसहाला फोन हातात घेऊन तयार पाहिजे, कार्डचे डिटेल्स आधीच भरलेले, ओटीपी येईल तो फोन जवळ. भारतीय कार्डवर परदेशी व्यवहार सुरू आहेत का तेही आदल्या दिवशी बघा.

दुसरा रस्ता म्हणजे हॉटेल. चांगल्या हॉटेलचं बुकिंग आधी करा आणि मग त्यांच्या कन्सिअर्जला मेल लिहा, दोन-तीन दुकानांची नावं, दोन-तीन तारखा, किती माणसं, काय खात नाही हे सगळं एकाच मेलमध्ये. दुकानाला हॉटेलचा फोन आला की धीर येतो, कारण बुकिंग करून न येणाऱ्या परदेशी लोकांमुळे लहान दुकानांचं खरंच नुकसान होतं. चार माणसांनी दांडी मारली की अर्धा काउंटर रिकामा, आणि तेवढ्या लोकांसाठी आणलेला, कापलेला, मुरवलेला मासा दुसऱ्या दिवशी तसाच वापरता येत नाही. म्हणूनच रद्द करण्याचे नियम कडक असतात, आदल्या एक-दोन दिवसांत रद्द केलं तर शंभर टक्के पैसे जातात. ते वाचूनच बटण दाबा.

दोन किंवा एक माणूस असेल तर जागा लवकर मिळते. एकट्याने जाणं इथे अगदी नॉर्मल आहे, उलट शेफशी बोलणं जास्त होतं. सहा जणांचं कुटुंब घेऊन काउंटरला जाऊ नका, अर्ध्याहून जास्त काउंटर आपलाच होतो आणि बाकीच्यांना शांत जेवता येत नाही. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आधीच विचारा.

काय खात नाही ते बुकिंगच्या वेळीच सांगा, बसल्यावर नाही

हे कळकळीने सांगते. शेफ सकाळी मोजून माल आणतो. बसल्यावर "मला शिंपले चालत नाहीत, गाबोळी नको, कच्चं थोडंसंच" असं सुरू झालं तर त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं. अॅलर्जी असेल तर स्पष्ट लिहा, नुसतं आवडत नसेल तर आवडत नाही असं लिहा, दोन्ही एकत्र करू नका. दारू न पिणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा, निकिरी म्हणजे माशाला लावतात त्या सोया सॉसमध्ये मिरिन किंवा साके, म्हणजे तांदळाची दारू, उकळून घातलेली असते. कुणी अजिबातच स्पर्श करत नसेल तर आधी विचारायला हवं.

शाकाहारी मंडळींनी मनावर घेऊ नका, पण ही जागा तुमच्यासाठी नाही. अंड्याच्या त्या पिवळ्या वडीतही बरेचदा कोळंबी किंवा मासा वाटून घातलेला असतो आणि सूपच्या मुळाशी कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या कात्सुओचे काप, असतेच. "मिस्टर खातील, मी नुसती सोबत बसेन" हेही चालत नाही, प्रत्येक खुर्ची म्हणजे एक पूर्ण जेवण. त्याऐवजी देवळांमधलं शाकाहारी शोजिन र्‍योरी जेवा, ते खरोखर सुंदर असतं आणि बुकिंगच्या वेळी दाशीचं, म्हणजे सूपच्या मूळ पाण्यात मासा आहे का ते, विचारून घेतलंत की निर्धास्त जेवता येतं.

कच्च्या माशाची भीती असते बऱ्याच जणांना. इथे खरा प्रश्न अनिसाकिस नावाच्या जंताचा. व्हिनेगर, मीठ, वासाबीने तो मरत नाही, उणे वीस अंशाला चोवीस तास गोठवल्यावर किंवा शिजवल्यावर मरतो, शिवाय शेफ प्रत्येक तुकडा डोळ्याखालून घालतो. चांगल्या काउंटरवर ही काळजी घेतलेली असते, तरी गरोदर असाल किंवा प्रतिकारशक्तीचं काही औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्या दिवशी

परफ्यूम नको, अत्तर नको, केसांना वासाचं तेल नको, गजरा तर नकोच. भाताच्या व्हिनेगरचा वास इतका हलका असतो की शेजारच्याच्या सेंटने तो पार जातो आणि त्या माणसाचेही तीस हजार येन जातात. कपडे साधे नीटनेटके, सूट लागत नाही, पण हाफ पँट आणि चपला नकोत. अंगठ्या, बांगड्या, मोठं घड्याळ काढून ठेवा. काउंटर बरेचदा हिनोकी लाकडाच्या एकाच अखंड फळीचा असतो, त्याला पॉलिश नसतं, एक ओरखडा कायमचा राहतो. फोनही त्यावर आपटून ठेवू नका.

वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात. अर्धा तास आधीही नको, आत पहिली पंगत चाललेली असते. पहिल्या वेळी मी वीस मिनिटं उशिरा पोचले होते. गिंझातली अशी दुकानं तळघरात नाहीतर पाचव्या-सहाव्या मजल्यावर असतात, पाटी तळहाताएवढी, मॅप बिल्डिंगपर्यंत नेतो आणि पुढे आपण शोधत बसतो. आत गेले तर सात माणसं हात मांडीवर ठेवून माझी वाट बघत होती, कारण सगळ्यांना एकाच वेळी सुरू करतात. कुणी एक शब्द बोललं नाही. तेव्हापासून मी दुपारीच जाऊन दार बघून येते आणि तुम्हीही तेच करा.

बसल्यावर

कोट, बॅग सोबतच्या टोपलीत किंवा दुकानातली माणसं सांगतील तिथे. गरम ओशिबोरीने, म्हणजे ओल्या रुमालाने, हात पुसा, तोंड-मान नाही. पहिला प्रश्न पिण्याचा असतो. चहा सांगितला तरी अगदी चालतं, बिअर किंवा साके घ्यावीच लागते असं नाही. साकेची किंमत बरेचदा कुठेच लिहिलेली नसते आणि बिल तिथेच फुगतं, म्हणून "एक गो कितीला" विचारायला लाजू नका, एक गो म्हणजे १८० मिली. "तुम्हीच सुचवा" म्हणायचं असेल तर बजेटसकट म्हणा.

शेफला ताइशो म्हणतात, मोठ्या आदराने ओयाकाता. नुसतं ताइशो पुरे.

काही दुकानांत आधी सात-आठ छोटे पदार्थ, त्सुमामी, येतात आणि मग निगिरी, काही ठिकाणी दोन्ही आलटून पालटून, आणि काही जुन्या पद्धतीच्या दुकानांत पहिल्यापासून निगिरीच. त्सुमामीमध्ये वाफवलेली आवाबी, म्हणजे अॅबलोन नावाचं मोठं शिंपलं, तिच्याच लिव्हरच्या सॉसमध्ये, मऊ शिजवलेला ताको म्हणजे ऑक्टोपस, भाजलेला नोदोगुरो मासा असं काय काय येतं. आवाबी संपल्यावर ताटलीत सॉस उरला की काही शेफ त्यात भाताचा एक छोटा गोळा घालून देतात. कालवण पुसून खाणाऱ्या माणसाला यात काय सुख आहे ते वेगळं सांगायला नको.

निगिरी

आता मुख्य. शारी म्हणजे भात, नेता म्हणजे वरचा मासा. समोर ठेवल्याबरोबर खा. गप्पा थांबवा, फोटो एकच, वाक्य नंतर पुरं करा. शारी अंगाच्या उबेएवढी कोमट असते, आत हवा राहील अशी हलकी दाबलेली, आणि अर्ध्या मिनिटात ती बसते, मासा गार पडलेला असेल तर तो भाताची ऊब ओढून घेतो. शेफ हा क्षण साधायलाच तर सकाळपासून खपत असतो.

हाताने खा किंवा चॉपस्टिकने, दोन्ही बरोबर. मी तर म्हणते हाताने, आपल्याला बोटांनी घास उचलायची सवय आहेच आणि भात इतका सैल असतो की चॉपस्टिकने फुटतो. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, हलकेच आडवी करून उचलायची, एका घासात. बोटं पुसायला एक छोटी ओली घडी ठेवलेली असते. मोठा घास झेपत नसेल तर सुरुवातीलाच "शारी सुकुनामे दे" म्हणा, भात कमी करतात. अर्धी चावून अर्धी ताटलीत ठेवू नका, तसंच मासा काढून भात ठेवणंही नको. वासाबी चालत नसेल तर "वासाबी नुकी दे".

सोया सॉस? बहुतेक वेळा समोर नसतोच. शेफने ब्रशने निकिरी लावलेली असते नाहीतर मीठ-लिंबू घातलेलं असतं. वाटी दिली असेल आणि शेफ म्हणाला तरच बुडवा, माशाची बाजू, भाताची नाही. वासाबी सॉसमध्ये कालवायची नाही. ती समोरच शार्कच्या कातडीवर किसलेली असते, काही मिनिटांत तिचा तिखटपणा उडून जातो म्हणून ती त्या-त्या वेळी लावतात. आलं म्हणजे गारी, दोन निगिरींच्या मध्ये खायचं, वर ठेवून नाही.

आता भाताबद्दल. काही दुकानांत भात पांढरा नसून फिक्या बदामी रंगाचा दिसेल, तो शिळा नाही, त्यात आकाझू आहे, साके गाळून उरलेला चोथा वर्षानुवर्षं मुरवून केलेलं लाल व्हिनेगर. त्याला खमंगपणा असतो आणि कुपा म्हणजे ट्यूना त्याच्याबरोबर फार जमतो. पांढऱ्या व्हिनेगरचा भात हलका, चपट्या पांढऱ्या माशांना तो बरा. साखर घालायची की नाही, मीठ किती, दाणा किती सुटा, हे प्रत्येक दुकानाचं वेगळं आणि शेफचा सगळा स्वभाव त्यात कळतो. बाबा फेब्रुवारीत वेंगुर्ल्याहून आले होते, आयुष्यभर मासे खाल्लेला माणूस पण कच्चा कधी नाही, मला धाकधूक होती. पहिली निगिरी आली, माकुलाची होती, बाबांनी ती बोटांनीच उचलून तोंडात टाकली, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गो, भात बरो झालो हा." माशाबद्दल एक शब्द नाही! मी ताइशोंना मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की बाबा भाताची स्तुती करतायत, तर ते हातातलं काम थांबवून वाकले. त्यानंतर दोन तास त्यांनी बाबांच्या पुढ्यात प्रत्येक तुकडा ठेवताना आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

क्रम साधारण हलक्यापासून जडाकडे जातो, पण प्रत्येकाचा वेगळा. हिरामे किंवा ताई नावाचा मासा, माकूल, मग कुप्याची तीन रूपं: आकामी म्हणजे लाल मांस, बरेचदा सोयात मुरवलेलं, चूतोरो आणि ओतोरो, पोटाकडची चरबी. पहिल्यांदा जाणारे ओतोरोची वाट बघतात. तो विरघळतो, छान असतो, पण चव आकामीत जास्त आहे असं माझं मत आहे आणि बाबांचंही तेच झालं.

मग येते कोहादा, आणि इथे जरा थांबा. ही तारलीच्या नात्यातली चांदीसारखी छोटी मासळी, बाजारात स्वस्त, पण शेफची परीक्षा तिच्यावर होते. उघडून मीठ लावायचं, धुवायचं, व्हिनेगरमध्ये ठेवायचं, मग मुरू द्यायचं, आणि मीठ किती मिनिटं, व्हिनेगर किती मिनिटं हे माशाच्या आकारावर, चरबीवर, त्या दिवशीच्या हवेवर. ही सुशी मुळात एकोणिसाव्या शतकात एडोमध्ये, म्हणजे जुन्या तोक्योत, हातगाड्यांवर विकली जायची, बर्फ-फ्रीज काही नव्हतं, म्हणून मीठ, व्हिनेगर, सोया, उकळणं हे सगळं मासा टिकवायला आलं. हानाया योहेई या माणसाला निगिरीचं श्रेय देतात. तेव्हाची निगिरी आजच्यापेक्षा बरीच मोठी असायची, हमालाला-सुताराला उभ्या उभ्या पोटभर होईल अशी. म्हणजे "ताजा कच्चा मासा" ही सुशीची निम्मीच ओळख आहे. आपल्याकडे पावसाळ्यासाठी मासे खारवतात, सुकवतात, त्याच गरजेतून आलेली ही विद्या. साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, त्यालाही असंच मीठ-व्हिनेगर लावतात. बांगडा खाऊन वाढलेल्यांनी ही निगिरी आली की डोळे मिटून खा.

पुढे कोळंबी, कुरुमाएबी, नुकतीच उकडून कोमट असतानाच. हामागुरी, तिसऱ्यांची थोरली बहीण. उनी, कुरकुरीत नोरीत, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पातळ कागदात, गुंडाळलेली, शेफ कधी थेट हातात देतो, तेव्हा हात पुढे करून घ्या आणि लगेच तोंडात, नोरी दमट झाली की गेली. शेवटाकडे आनागो, आपल्या वामेच्या जातीची, मऊ शिजवून वर त्सुमे नावाचा गोडसर घट्ट सॉस लावलेली. मग कांप्योचा, म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचा, रोल, मिसो सूप आणि ग्योकू, अंड्याची वडी, काही ठिकाणी अगदी केकसारखी.

बोलणं, फोटो, शब्द

फोटोआधी "शाशिन तोत्ते मो ई देस का" विचारा. हो म्हणाले तरी फक्त जेवणाचे, फ्लॅश नको, व्हिडिओ नको, शेजाऱ्यांचे चेहरे येऊ देऊ नका. व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना दाखवू नका.

शेफ सुरी चालवत नसेल तेव्हा प्रश्न विचारा: मासा कुठला, किती दिवस मुरवलाय, तांदूळ कुठला. तांदळाचं विचारलं की बहुतेक शेफ खुलतात. दुसऱ्या दुकानाशी तुलना मात्र नको. अजून एक, इंटरनेटवरून शिकून लोक आगारी, मुरासाकी, ओआइसो असे शब्द वापरतात, ते दुकानातल्या माणसांचे आपसातले शब्द आहेत, गिऱ्हाइकाच्या तोंडी शोभत नाहीत. चहाला ओचा, सॉसला शोयू, बिलाला ओकाइकेई म्हणा.

शेवट आणि पैसे

ग्योकूच्या आसपास शेफ सांगतो की ओमाकासे इथे संपलं, अजून काही? भूक असेल तर जे आवडलं ते पुन्हा मागा, याला त्सुइका म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. नको असेल तर पोट भरलं म्हटलेलं चालतं, त्यात काही वाईट नाही. बाबांनी कोहादाच परत मागितली.

बिल "ओकाइकेई ओनेगाई शिमास". कागदावर फक्त एक आकडा येतो. दहा टक्के कर धरलेला असतो, काही ठिकाणी सर्व्हिस चार्जही लागतो, बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं. टिप द्यायची नाही, काउंटरवर पैसे ठेवून गेलात तर मागे धावत येऊन परत देतील. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण रोखच घेणारी दुकानं अजून आहेत, एटीएम आधी गाठा. पैसे दिल्यावर रेंगाळू नका, पुढची पंगत बाहेर उभी असते.

उठताना "गोचिसोसामा देश्ता". ताइशो किंवा त्यांचा हाताखालचा माणूस दारापर्यंत, कधी खाली रस्त्यापर्यंत सोडायला येतो आणि तुम्ही वळणापर्यंत जाईस्तोवर वाकून उभा राहतो, म्हणून वळणावर एकदा मागे बघून मान लववा. बाबांनी हात जोडले. दुकानाचं कार्ड मिळालं तर जपून ठेवा, एकदा जाऊन नीट वागून आलेल्या माणसाला पुढच्या वेळी फोनवरही जागा मिळते. बाबांसाठी मी पुढच्या फेब्रुवारीची जागा त्याच रात्री दारातच सांगून ठेवली.